उलट्या नदीवरचा पूलवाला

एमिल पेशेकला शिकागो शहराबद्दल जे जे ठाऊक होतं, ते तो लोकांच्या अंगावर फेकायचा. एरवी अशी माहिती असलेली माणसं ती कौतुकाने सांगतात, चार पाहुणे जमले की खुलतात. एमिलचं तसं नव्हतं. समोरचा माणूस जरा आनंदात दिसला की याच्या डोक्यात काहीतरी ठणकायला लागायचं आणि मग तो शहराचा इतिहास बाहेर काढायचा.

वोंद्राच्या बारमध्ये एकदा सेंट लुईसचा एक ट्रकवाला येऊन बसला होता. बिचारा बिअर आणि सॉसेज घेऊन आपल्या नादात होता. एमिलने त्याचं गाव विचारून घेतलं, स्वतःच्या पैशाने त्याला आणखी एक ग्लास पाजला आणि म्हणाला, "पी बाबा, इथेच पोटभर पी. तुझ्या गावी जे पाणी पितोस ना, ते आम्ही वापरून झालेलं असतं." मग त्याने सगळं रामायण सांगितलं. नदी पूर्वी सरोवरात जायची, शहराची घाण नदीत जायची आणि शहर पाणी प्यायचं सरोवराचं. माणसं पटापट मरायला लागली तेव्हा शहराने कालवा खणून अख्खी नदी उलटी फिरवली आणि घाण खाली, सेंट लुईसच्या दिशेने सोडून दिली. तिकडचे लोक कोर्टात जाणार अशी कुणकुण लागताच इथल्या साहेबांनी जानेवारीच्या कडाक्यात पहाटे जाऊन गुपचूप बांध फोडला, म्हणजे मनाईहुकूम यायच्या आत काम फत्ते. "पुढे खटला चाललाच," एमिल म्हणाला, "आणि तोही तुम्ही हरलात." ट्रकवाल्याने ग्लास अर्धा टाकला आणि निघून गेला. एमिलने तो उरलेला ग्लासही संपवला.

एकदा वोंद्राची नवी सून उत्तरेकडच्या मोठ्या बागेची तारीफ करत होती. रविवारी तिथे हिरवळीवर बसून जेवलो, किती छान वाटलं, असं काहीतरी. एमिलने तिला सांगितलं, की ती बाग म्हणजे जुनं कबरस्तान आहे, थडगी हलवायची ठरली तेव्हा काही हलवली आणि बाकीची तशीच राहू दिली, त्यामुळे तू बटाट्याची कोशिंबीर कोणाच्या तरी छातीवर बसून खाल्लीस. पोरीचा चेहरा पडला. वोंद्राने त्या आठवड्यात एमिलला उधार द्यायचं बंद केलं, पण एमिल बदलला नाही.

मात्र एका बाबतीत त्याला कोणी डिवचलं तर त्याचा तोल जायचा, आणि ती बाब म्हणजे त्याचं घर. आमच्या पिल्सन वस्तीत पेशेकांच्या घरासारखी घरं पुष्कळ आहेत. फुटपाथवर उभं राहून पाहिलं तर घराचा खालचा मजला दिसतच नाही, तो पार खाली, खड्ड्यात. फुटपाथपासून घरापर्यंत खोल अंगण, त्यात उतरायला पायऱ्या, आणि वरच्या मजल्याच्या दारापर्यंत जायला अंगणावरून टाकलेला छोटा लाकडी साकव. नवीन आलेला माणूस हमखास म्हणायचा, अरेरे, घर खचलं वाटतं. एमिल अशा माणसाला बाही धरून थांबवायचा. घर खचलेलं नाही, रस्ता वर गेलाय, हे त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय सोडायचा नाही. शहर दलदलीवर वसलेलं, गटारं घालायला जागा नव्हती, म्हणून शहराने रस्तेच उचलले. भर बाजारातल्या श्रीमंतांनी आपल्या इमारतींखाली स्क्रूचे जॅक लावून त्याही उचलून घेतल्या, आतले हॉटेलचे पाहुणे जेवत होते ते जेवतच राहिले. इकडे गरिबांच्या वस्तीत जॅकला पैसे कोणाकडे होते? रस्ता चढला, घरं जिथल्या तिथे राहिली. "आम्ही बुडालेलो नाही," एमिल म्हणायचा, "आम्हाला बुडवलंय." हे म्हणताना त्याच्या ओठांच्या कडेला थुंकी जमायची.

त्या खालच्या मजल्यावर तो एकटा राहायचा. लग्न त्याने केलं नाही. खिडकीतून त्याला लोकांचे बूट दिसायचे आणि बुटांवरून तो माणसं ओळखायचा. वरच्या मजल्यावर त्याची थोरली बहीण अडेला राहत होती, तिचा नवरा वारलेला, मूलबाळ नाही. बहीणभावांत चौदा वर्षं बोलणं नव्हतं. घर दोघांच्या नावावर होतं आणि दोघांपैकी कोणीही हलणार नव्हतं, कारण जो हलेल तो हरला असं दोघांनीही मनात ठरवून टाकलं होतं.

बोलणं नव्हतं म्हणजे संबंध नव्हता असं मात्र नाही. अडेला सतरंज्या झटकायची त्या साकवावरून, बरोबर एमिलच्या दारावर. साकवावरचा बर्फ फावड्याने लोटायची तो त्याच्या पायऱ्यांवर. घर गरम ठेवणारा बॉयलर एमिलच्या ताब्यात होता, त्यामुळे सतरंजीच्या दिवशी वरच्या मजल्यावर हटकून थंडी पडायची. चर्चमध्ये दोघं दोन टोकांना बसायचे. ईस्टरच्या आधी अडेला खसखशीच्या कोलाची, म्हणजे गोड पाव, भाजायची आणि ताट घेऊन अख्ख्या गल्लीत फिरायची. एमिलच्या खिडकीवरून तिचे तपकिरी बूट पुढे जायचे, परत यायचे, आणि वास तेवढा घरात राहायचा.

शेजारच्या घरात रेफ्युहिओ आरिएता नावाची मेक्सिकन बाई राहायला आल्यापासून तर एमिलला आणखी एक दुखणं झालं. ही आमची बोहेमियन, म्हणजे चेक लोकांची वस्ती, वस्तीचं नावसुद्धा आमच्या मायदेशातल्या पिल्सन शहरावरून, आणि आता खिडकीतून बघावं तर सगळे परके बूट, अशी त्याची कुरकुर चालायची. त्याच्या आजोबांना आयरिश आणि जर्मन लोक जे म्हणायचे तेच हा आता रेफ्युहिओच्या पोरांना म्हणायचा, शब्दसुद्धा बदलले नव्हते. अडेलाचं आणि रेफ्युहिओचं मात्र मेतकूट जमलं. एक कोलाची द्यायची, दुसरी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले आणून द्यायची. एमिलला हे सगळं आपल्याला खिजवायलाच चाललंय असं वाटायचं, आणि थोडंफार ते खरंही होतं.

एमिलने आयुष्यभर केलेलं काम म्हणजे पूल उचलण्याचं. नदीच्या दक्षिण फाट्यावर, वस्तीतून पलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा पूल होता. पुलाच्या कडेला दगडी मनोऱ्यासारखी खोली, तिच्यात एमिल, एक शेगडी, एक केटली आणि पूल हलवण्याचे दांडे. बोटीने शीळ घातली की हा घंटा वाजवायचा, रस्त्यावर आडवा दांडा खाली टाकायचा आणि रस्ता मधोमध फाटून दोन्ही बाजूंनी आकाशाकडे उभा राहायचा. नदीवरच्या बोटीचा हक्क आधी, रस्त्यावरच्यांनी थांबायचं. ऑफिसला निघालेले साहेब, बर्फ वितळतोय म्हणून घाईत असलेले मासेवाले, नवरानवरी, सगळे थांबायचे. वर्षानुवर्षं खड्ड्यात राहून लोकांचे बूट बघणाऱ्या माणसाला त्या खोलीतून लोकांची टकली दिसायची. एमिलला या नोकरीचं सुख कशात होतं हे वेगळं सांगायला नको.

त्यातही त्याची एक खास रीत होती. जो मुकाट्याने थांबेल त्याच्यासाठी पूल वेळेवर उतरायचा. पण खाली कोणी हॉर्न वाजवला, की एमिल दांड्यावरचा हात काढून घ्यायचा. बोट निघून गेलेली असायची, नदी मोकळी असायची, आणि हा शांतपणे कप घेऊन खिडकीत टेकायचा. जितका लांब हॉर्न तितका लांब चहा. निवृत्तीच्या आधी कॉयल नावाचा नवा माणूस त्याच्या हाताखाली शिकायला आला, तेव्हा एमिलने त्याला तेल कुठे घालायचं आणि थंडीत सांधे कसे अडकतात हे शिकवलं आणि शेवटी हेही शिकवलं. "हॉर्न म्हणजे उर्मटपणा," त्याने कॉयलला सांगितलं. "उर्मटपणा करणाऱ्याला थोडं आकाश दाखवायचं." कॉयल खूप हसला होता.

चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी आईला झटका आला. अडेलाने तिला नवऱ्याच्या गाडीत घातलं आणि नदीपलीकडच्या इस्पितळाकडे निघाली. पूल वर होता. तो खाली येईपर्यंत आई गाडीतच गेली.

मातीनंतरच्या जेवणाला सगळे नातेवाईक जमले होते, टेबलावर भाजलेलं डुक्कर, आंबवलेला कोबी आणि उकडलेल्या कणकेचे गोळे मांडले होते. अडेलाने सगळ्यांदेखत एमिलला विचारलं, "बोट पुढे गेल्यावर पूल किती वेळ वर होता?"

"बोट होती," एमिल म्हणाला. "कायदा आहे."

"बोट गेल्यावर, एमिल."

"बोट होती," तो पुन्हा म्हणाला आणि कोबी वाढून घेतला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एमिल त्या दुपारचा विचार करायचा तो बोटीपर्यंतच. बोट वाळूची होती, तिने शीळ घातली, आपण घंटा वाजवली, आणि एवढ्यावर तो उठून काहीतरी कामाला लागायचा. अडेलाला मात्र त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. ती तेवढ्यासाठीच त्याच्या डोक्यावर राहत होती असं गल्लीतले लोक म्हणायचे.

मग एकोणऐंशीच्या जानेवारीत तो भयंकर बर्फ पडला. आमच्याकडे बर्फाचं कोणाला काही वाटत नाही, पण तो बर्फ वेगळाच होता. गाड्या गायब झाल्या, त्या जागी उंचवटे दिसायला लागले. बर्फ काढणारं यंत्र मोठ्या रस्त्यांवर फिरलं, आमच्या गल्लीत आलंच नाही. अशा वेळी आमच्याकडची रीत अशी, की ज्याने आपल्या हाताने खणून गाडीपुरती जागा मोकळी केली, ती जागा त्याची. गाडी घेऊन बाहेर जाताना तिथे एक मोडकी खुर्ची ठेवायची. खुर्ची दिसली की परक्याने पुढे जायचं. ती हलवून गाडी लावणाऱ्याचं काय होईल याची जबाबदारी कोणी घेत नाही. पोलीससुद्धा खुर्चीला हात लावत नाहीत.

एमिलने पाठ मोडेपर्यंत खणून आपली जागा केली आणि तिथे आईच्या स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली, पिवळ्या रेक्झिनची, एका बाजूने फाटलेली. संध्याकाळी तो पाव आणि बिअर आणायला गेला. परत आला तेव्हा खुर्ची बर्फाच्या ढिगावर उताणी पडली होती आणि जागेत एक हिरवी गाडी उभी होती. तिच्या आरशाला मरियमेचं चित्र लटकत होतं. रेफ्युहिओचा भाऊ एलिसेओ याची ती गाडी, हे एमिलने लगेच ओळखलं.

त्याने कोणाचं दार वाजवलं नाही, विचारलं नाही. आपली गाडी वोंद्राच्या मागच्या अंगणात नेऊन लावली, घरी आला आणि तळघरातल्या नळाला रबरी पाइप लावून बाहेर काढला. अशा गुन्ह्याला आमच्याकडे हीच शिक्षा. आधी दारांच्या फटी, मग कुलपं, मग टायर, मग वरून सावकाश सगळीकडे. पाणी पडता पडता गोठत होतं. गाडीवर काचेचं जाड आवरण चढत गेलं तसा एमिलच्या मनाला थंडावा येत गेला. एकदा त्याला वाटलं, वरच्या खिडकीचा पडदा हलला. त्याने मान वर केली नाही.

सकाळी जड बुटांचा आवाज पायऱ्या उतरून आला आणि दारावर थापा पडल्या. दारात रेफ्युहिओ होती, तिच्या अंगावर घरातलाच स्वेटर होता.

"पेशेक, तुमची गाडी कुठे आहे?" ती म्हणाली.

"आधी तुझ्या भावाला विचार, माझी जागा कुठे आहे," एमिल म्हणाला. हे वाक्य त्याने आदल्या संध्याकाळपासून तयार ठेवलं होतं.

रेफ्युहिओने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं उरलेलं भाषण तोंडातच राहिलं. तिने सांगितलं ते असं. अडेलाच्या छातीत दोन दिवस दुखत होतं. अॅम्ब्युलन्सला फोन केला तर ते म्हणत होते, कधी पोचू सांगता येत नाही. म्हणून एलिसेओ तिला सकाळी उजाडताच नदीपलीकडे तिच्या डॉक्टरकडे नेणार होता. त्यासाठीच तो आदल्या संध्याकाळी दोन तास खटपट करून गाडी इथपर्यंत घेऊन आला. खुर्ची हलवायला अडेलानेच सांगितलं होतं. ती आमच्या आईची खुर्ची आहे, तिच्यावर माझाही हक्क आहे, असं म्हणाली होती. आता तिला श्वास घेता येत नव्हता, आणि एलिसेओ बाहेर केटलीने गरम पाणी ओतत होता, पण ते ओततानाच गोठत होतं.

"तुमच्या बहिणीचं काही बरंवाईट झालं तर मी तुम्हाला या खड्ड्यातून वर येऊ देणार नाही," रेफ्युहिओ म्हणाली. "गाडी आणा."

एमिल धावला. पासष्टीचा माणूस बर्फातून जितका धावू शकतो तितका धावला, दोनदा पडला. वोंद्राच्या अंगणातून गाडी काढून तो घरासमोर रस्त्याच्या मधोमध आणून उभा राहिला. तोवर एलिसेओ आणि रेफ्युहिओ यांनी ढिगावरची पिवळी खुर्ची उचलून वर नेली होती. तिच्यावर अडेलाला बसवून, कांबळ्यात गुंडाळून त्यांनी साकवावरून रस्त्यावर आणली. चौदा वर्षांत एमिलने बहिणीचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता. ती राखाडी पडली होती. तिने आधी त्याच्याकडे, मग रस्त्यावरच्या त्या काचेच्या गाडीकडे आणि मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

रेफ्युहिओ पोरांसाठी मागे राहिली. एलिसेओ, गाडी रुतली तर ढकलायला म्हणून, मागच्या सीटवर बसला. अडेला पुढे, एमिलच्या शेजारी. गाडी घसरत, अडखळत निघाली. मग अडेला बोलली, आपल्या चेक भाषेत, म्हणजे एलिसेओला कळू नये म्हणून असेल किंवा सवयीने असेल.

"काल पाणी मारत होतास ते मी बघत होते."

"मग थांबवायचंस ना मला," एमिल म्हणाला. चौदा वर्षांनी त्याच्या तोंडून तिच्यासाठी आलेलं हे पहिलं वाक्य.

"तुझ्याशी बोलावं लागलं असतं," ती म्हणाली. तेवढ्यानेही तिला धाप लागली.

पुढचं वळण घेतलं आणि घंटा ऐकू आली. ती घंटा एमिलने झोपेतही ओळखली असती. समोर आडवा दांडा खाली आला आणि रस्ता मधोमध फाटून वर जायला लागला. वीजघराला कोळसा नेणारी बोट बर्फ फोडत येत होती. त्याच्या पुढे तीन गाड्या होत्या, मागेही लागल्या. एमिलने दोन्ही हात एकावर एक ठेवून हॉर्न दाबला. तो दाबून धरत असतानाच त्याची नजर वर गेली. मनोऱ्याच्या खिडकीत कॉयल उभा होता. त्याच्या हातात कप होता.

एमिलने हॉर्नवरचे हात काढून घेतले.

बोट खालून गेली. तिच्यामागे काळं पाणी दिसलं, मग त्यावर बर्फाचे तुकडे परत जुळून आले. नदी मोकळी झाली, पण पूल तसाच वर राहिला. अडेलाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. एलिसेओला राहवेना. त्याने मागून वाकून, एमिलच्या खांद्यावरून हात घालून हॉर्न दाबायला घेतला, तसं एमिलने त्याचं मनगट पकडलं.

"वाजवू नकोस. वाजवलास की तो आणखी धरून ठेवेल."

एलिसेओला इंग्रजी कळलं, पण त्यातलं काही उमगलं नाही. तो हात चोळत मागे बसला. अडेलाने मान वळवली.

"तुला काय माहीत?"

एमिल समोर बघत राहिला. पुढच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, लांब, चिडून. वर खिडकीतला माणूस हलला नाही.

"एमिल. तो धरून ठेवेल हे तुला काय माहीत?"

खोटं बोलायला एमिलला जागा होती. कॉयलचा स्वभावच तसा आहे म्हणता आलं असतं, थंडीत सांधे अडकतात हेही म्हणता आलं असतं. आयुष्यभर माणसांना गप्प करायला त्याला कधी शब्द कमी पडले नव्हते. आत्ता त्याला वाटलं, की आपण खोटं बोललो आणि ही मेली तर हा पूल कधीच खाली येणार नाही.

"मीच शिकवलंय त्याला," तो म्हणाला.

अडेलाने कांबळ्यातून हात बाहेर काढला आणि हॉर्नच्या कडीवर नुसता ठेवला. दाबला नाही.

"त्या दिवशी मी यावरून हात काढलाच नव्हता," ती म्हणाली. "आईच सांगत होती. म्हणत होती, वाजव, वर एमिल आहे, त्याला कळेल."

एमिलच्या तोंडून जो आवाज निघाला तो एलिसेओला पुढे कधी कोणाला नीट करून दाखवता आला नाही. समोर घंटा थांबली. रस्त्याचे दोन तुकडे खाली येऊन जुळले, दांडा वर गेला, पुढच्या गाड्या हलल्या. एमिलला गिअर सापडेना. डोळ्यांसमोर सगळं पाणीच पाणी झालं होतं आणि आता मागचे सगळे त्याच्यावर हॉर्न वाजवायला लागले होते.

"चल," अडेला म्हणाली. "मी आज मरत नाही. एवढं ऐकल्यावर तुला मोकळा सोडून जाईन होय?"

आणि ती मेली नाही. डॉक्टरने तिला तीन आठवडे ठेवून घेतलं. बर्फ वितळल्यावर ती घरी आली, तेव्हा एलिसेओने तिला साकवापर्यंत हात दिला आणि एमिल खाली अंगणात टोपी हातात घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सतरंजी घेऊन साकवावर आली. तिने सतरंजी झटकली नाही. कठड्याला टेकून खाली बघत म्हणाली, "आईने निळा कोट घातला होता. वरचं बटण मी लावलं नव्हतं." एवढंच सांगून आत गेली.

त्यानंतर ती रोज यायची आणि त्या दुपारची एक गोष्ट सांगायची. आईच्या पर्समध्ये काय होतं. बोटीचा रंग कसला होता. शेजारच्या गाडीतला माणूस काय खात होता. आई किती वेळ बोलत होती आणि कधी थांबली. बोट नजरेआड झाल्यानंतर आई काय काय म्हणाली, हे तिने सगळ्यात शेवटी ठेवलं आणि थोडं थोडं सांगितलं. एमिल रोज त्या वेळेला दार उघडून खड्ड्यात उभा राहायचा, मान वर करून ऐकायचा, आणि ती आत गेली की दार लावून घ्यायचा. बॉयलर आता दिवसरात्र चालू असायचा. वोंद्राच्या बारमध्ये तो अधूनमधून दिसायचा, पण शहराबद्दल त्याने पुन्हा कोणाला काही सांगितलं नाही. एकदा कोणा परगावच्या माणसाने बारच्या खिडकीतून एमिलच्या घराकडे बघत विचारलं, ते घर खचलंय का? एमिल म्हणाला, हो.